जिमी आर्मफिल्ड : एकाच क्लबकडे सतरा हंगाम, निष्ठा की नाइलाज?

प्रश्न
इंग्लंडमधील ब्लॅकपूल या फुटबॉल क्लबचा राइट-बॅक (उजव्या बाजूचा बचावपटू) जिमी आर्मफिल्ड 1954 ते 1971 या काळात एकाच क्लबकडून खेळला आणि त्याचे 627 सामने हा त्या क्लबचा विक्रम आहे. त्याच्या निष्ठेचे कौतुक सगळेच करतात. परंतु त्या काळी खेळाडूला मनाला येईल तेव्हा क्लब सोडताच येत नसे. मग या निष्ठेचे मोल किती धरायचे?

प्रतिसाद 1
शंका रास्त आहे. करार संपला तरी खेळाडूची नोंदणी क्लबच्याच ताब्यात राहत असे. शिवाय जानेवारी 1961 पर्यंत पगाराला कमाल मर्यादा होती, शेवटी ती आठवड्याला 20 पौंड होती, त्यामुळे मोठ्या क्लबकडे जाऊनही हातात फारसे जास्त पडले नसते. जॉर्ज ईस्टहॅम या खेळाडूने न्यूकॅसल क्लबविरुद्ध दावा लावला आणि 1963 मध्ये न्यायालयाने नोंदणी अडवून ठेवण्याची ही पद्धत गैरवाजवी ठरवली, तेव्हा कुठे दार किलकिले झाले. पहिली नऊ वर्षे निष्ठेच्या खात्यात धरू नयेत, असे माझे मत आहे.

प्रतिसाद 2
ती वगळली तरी उरलेली आठ वर्षे पुरेशी बोलकी आहेत. 1967 मध्ये संघ दुसऱ्या विभागात घसरला, तरी तो राहिला. 1970 मध्ये संघासह पुन्हा वर आला आणि पुढच्याच हंगामात संघ पुन्हा घसरल्यावर निवृत्त झाला. (एकतिशी ओलांडलेल्या बचावपटूला तेव्हा मागणी किती होती, असे कोणी विचारील, विचारावे.)

प्रतिसाद 3
म्हणूनच खरी कसोटी 1967 ची नव्हे, 1963 ची आहे. पगाराची मर्यादा उठली होती, न्यायालयाचा निकाल ताजा होता, आणि त्याच ऑक्टोबरमध्ये वेम्ब्लीवर जागतिक संघाविरुद्ध अठ्ठावीस वर्षांचा आर्मफिल्ड इंग्लंडचे नेतृत्व करत होता. त्याचा खेळही काळाच्या पुढचा होता: फुलबॅकने (कडेच्या बचावपटूने) आपली बचावाची जागा सोडू नये असा दंडक असताना, उजव्या बगलेवर चेंडू घेऊन उभ्या असलेल्या ब्लॅकपूलच्या आक्रमक स्टॅन्ली मॅथ्यूजच्या बाहेरून तो रेषेलगत पुढे धावत जाई आणि प्रतिस्पर्धी बचावपटूला दोघांपैकी कोणाला अडवावे हे कळेनासे होई. अशा खेळाडूला गिऱ्हाईक मिळाले नसते, हे पटत नाही. 1964 मधील दुखापतीनंतर त्याची इंग्लंडच्या संघातील जागा जॉर्ज कोहेनकडे गेली, तेव्हाही तो ब्लॅकपूलमध्येच थांबला. 1966 च्या विश्वविजेत्या चमूत असूनही त्याला एकही सामना खेळायला मिळाला नाही.