सोसायटी ग्रुप : दीपालीच्या बाळंतपणाची चर्चा

तात्या : एक मेसेज आलाय. बाळंतिणीचं रक्त जाईल तेवढं जाऊ द्यावं, अंगातली घाण निघते, थांबवायच्या गोळ्या-इंजेक्शनं घेऊ नयेत म्हणे. दीपालीचे दिवस भरत आलेत म्हणून टाकतोय.

सुमन अक्का : तात्या, राग मानू नका, पण हा मेसेज आत्ताच काढा. खानापूर तालुक्यात नर्स म्हणून नोकरी झाली माझी, "वाहू दे" म्हणत बसलेली घरं बघितलीत. पुढचे काही आठवडे थोडं अंगावरून जातंच, ते वेगळं. बाळ झाल्यावर गर्भाशय आवळलं नाही तर रक्त थांबत नाही, दोन-तीन तासांत बाई हातची जाऊ शकते.

आणि रक्त थांबवायच्या त्या गोळीचा अभ्यास आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत झालाय की! बेळगावच्या जेएनएमसी मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी अमेरिकेतल्या संशोधकांबरोबर 2002 ते 2005 मध्ये केला. 1620 बायका. निम्म्यांना मिझोप्रोस्टॉल, म्हणजे गर्भाशय आवळणारी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. कुणाला कुठली, हे देणाऱ्या नर्सलाही माहीत नाही. जादा रक्तस्राव 12 टक्क्यांवरून 6.4 वर आला. 2006 ला 'लॅन्सेट'मध्ये छापलं.

प्रवीण : अक्का, इंजेक्शन असतं की, मग गोळी कशाला?

सुमन अक्का : ऑक्सिटोसिनचं इंजेक्शनच पहिलं. पण ते थंड ठेवावं लागतं, टोचणारं माणूस लागतं. खेड्यात घरी बाळंत होणाऱ्या बाईला हे कुठलं मिळायला? म्हणून गोळी. मात्र मेडिकलमधून आणून कुणी घरात ठेवू नका. बाळ व्हायच्या आधी पोटात गेली तर गर्भाशय फाटू शकतं. द्यायची ती डॉक्टर-नर्सनीच.

मंगल वैनी : किती रक्त गेलं ते कळतं कसं ओ?

सुमन अक्का : चांगलं विचारलंत. नजरेचा अंदाज फार कमी भरतो. म्हणून त्याच अभ्यासासाठी बाईच्या खाली पसरायची, खुणा केलेली प्लास्टिकची पिशवी तयार केली. पुढे आफ्रिकेतल्या चार देशांत 80 दवाखान्यांत अभ्यास झाला. त्यातल्या साधारण निम्म्यांत अशा पिशवीनं मोजलं आणि रक्त जास्त दिसताच मसाज, औषधं, सलाईन सगळं एकदम सुरू केलं. गंभीर रक्तस्राव, त्यासाठी पोटाचं ऑपरेशन किंवा त्यातून मृत्यू, हे सगळं मिळून तिथं बाकीच्या दवाखान्यांपेक्षा 60 टक्क्यांनी कमी झालं. 2023 ला निकाल आला. आपल्या खेड्यांतल्या बायकांनी तेव्हा 'हो' म्हटलं, त्यांचं नाव कुठं छापलं नाही, ह्याचं मला फार वाटतं.

दीपाली : अक्का, आई म्हणते कणकुंबीला ये बाळंतपणाला.

सुमन अक्का : बाळ घेऊन जा गं आईकडे. ह्या पावसात तिकडून रात्री-अपरात्री दवाखाना गाठणार कसा? इथंच राहा.

तात्या : मेसेज काढला. माझी गाडी खालीच असते, रात्री कधीही हाक मारा.

सुमन अक्का : दीपाली, हिमोग्लोबिन किती आलंय? अंगात रक्त कमी असलं तर थोडं गेलेलंही सोसत नाही.

दीपाली : गेल्या महिन्यात 9.2.

सुमन अक्का : कमी आहे. सकाळी रिपोर्ट घेऊन वर ये, डॉक्टरांकडे मी येते तुझ्याबरोबर.