कोरियन आणि अमेरिकन सॅनिटरी पॅड : निवड कशी करावी?

प्रश्न
नमस्कार. पाच वर्षे अमेरिकेत राहिल्यानंतर पुढच्या महिन्यात शिक्षणासाठी मी सेऊलला जात आहे. आजवर मी मुख्यतः टॅम्पॉन, म्हणजे योनीत ठेवायची शोषक गुंडाळी, वापरत आले. कोरियात मात्र पॅडचाच वापर जास्त होतो असे ऐकले आहे. मापे आणि घटक यांत नेमका काय फरक असतो? सुगंधी पॅडमुळे मला लगेच पुरळ उठते, म्हणून आधीच विचारत आहे.

उत्तर १
ऐकलेत ते खरे आहे. टॅम्पॉन तिथे मिळतात, पण दुकानात फळीमागून फळी पॅडचीच दिसते. अमेरिकेत ‘ऑलवेज’सारख्या ब्रँडच्या पॅडवर मापासाठी 1 ते 5 असे क्रमांक असतात, कोरियन पाकिटावर बहुधा लांबी सेंटिमीटरमध्ये दिलेली असते. ‘सोह्योंग’ म्हणजे लहान, ‘चुंगह्योंग’ मध्यम आणि ‘तेह्योंग’ मोठे. रात्रीसाठी चड्डीसारखे घालायचे पॅडही मिळतात आणि जास्त स्राव होणाऱ्यांना ते फार सोयीचे वाटतात.

उत्तर २
मला मापांपेक्षा नियमांमधला फरक अधिक महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेत पॅड आणि टॅम्पॉन ही वैद्यकीय साधने मानली जातात, तर कोरियात पॅड औषधसदृश वस्तूंच्या गटात मोडतात. 2017 मध्ये कोरियात, पॅड वापरल्यानंतर पाळी अनियमित झाल्याच्या आणि स्राव कमी झाल्याच्या तक्रारी मोठ्या संख्येने पुढे आल्या. पॅडमध्ये सापडलेल्या बाष्पनशील सेंद्रिय संयुगांचे (सहज हवेत उडणाऱ्या रसायनांचे) प्रमाण घातक नाही, असा निर्वाळा तिथल्या अन्न व औषध सुरक्षा मंत्रालयाने दिला. तरी बायकांनी विषय सोडला नाही, आणि ऑक्टोबर 2018 पासून पाकिटावर सर्व घटक छापणे बंधनकारक झाले. अमेरिकेत असे बंधन राज्यांनी घातले : न्यूयॉर्कने 2019 मध्ये कायदा करून सुरुवात केली, त्यानंतर कॅलिफोर्नियाने. घटक जाणून घेणे हा वापरणाऱ्या प्रत्येकीचा हक्क आहे, असे माझे ठाम मत आहे.

उत्तर ३
तुमच्या त्वचेचा विचार करता एक सावधगिरी सांगते. कोरियात वनौषधियुक्त पॅड लोकप्रिय आहेत आणि त्यांना स्वतःचा वास असतो. ‘नैसर्गिक’ म्हणजे त्वचेला सोसणारे, असे गृहीत धरू नका. घटकांच्या यादीत ‘ह्यांगन्यो’ हा शब्द दिसला, तर त्यात सुगंधी द्रव्य आहे असे समजावे. ‘मुह्यांग’ म्हणजे सुगंधविरहित. वरचा थर शुद्ध सुती असलेला पॅड आधी एक-दोन दिवस वापरून पाहा.

प्रश्नकर्ती
मनापासून आभार. टॅम्पॉन सोबत न्यावेत का?

उत्तर २
सवयीचे आहेत तर काही पाकिटे अवश्य न्या. अमेरिकन टॅम्पॉनवरील ‘रेग्युलर’ म्हणजे 6 ते 9 ग्रॅम आणि ‘सुपर’ म्हणजे 9 ते 12 ग्रॅम शोषण, हे ठरलेले आहे. 1980 च्या सुमारास टॉक्सिक शॉक सिंड्रोम या, जिवाणूंच्या विषामुळे होणाऱ्या आणि अतिशोषक टॅम्पॉनशी जोडल्या गेलेल्या आजाराने अनेक तरुण स्त्रियांचे बळी घेतले, त्यानंतर ही मोजपट्टी आली. म्हणून स्रावाला पुरेल इतक्याच शोषणक्षमतेचा टॅम्पॉन निवडा आणि तो आठ तासांहून अधिक वेळ ठेवू नका.