डार्क मॅटर उरलं कसं?

प्रश्न: रिटायर झाल्यावर कॉस्मॉलॉजी (विश्वाची उत्पत्ती आणि जडणघडण) वाचायला घेतलीय. ‘फ्रीझ-आउट’पाशी, म्हणजे सुरुवातीच्या विश्वात डार्क मॅटरचे (न दिसणाऱ्या, फक्त गुरुत्वाकर्षणातून जाणवणाऱ्या पदार्थाचे) कण एकमेकांना संपवायचे थांबले त्यापाशी अडकले. कणांची आपसातली क्रिया जितकी दुबळी, तितकं डार्क मॅटर जास्त उरतं म्हणे. उलटं नाही का वाटत?

उत्तर: नाही काकू. कण-प्रतिकण भेटले की दोघंही संपतात. विश्व फुगलं, भेटी थांबल्या, उरले ते उरले. क्रिया दुबळी असली की भेटी लवकर थांबतात, म्हणून जास्त उरतात.

दुसरं उत्तर: ‘फ्रीझ-इन’मध्ये मात्र उलटंच. सुरुवातीला कण जवळपास शून्य, मग थेंबथेंब तयार होतात. क्रिया जोरदार तर साठा जास्त. अमेरिकेतल्या दक्षिण डकोटात दीड किलोमीटर खोल एलझेड या डार्क मॅटर शोधणाऱ्या प्रयोगाच्या ७ टन झेनॉनमध्ये विम्प (फ्रीझ-आउटमधून उरला असेल असा मानलेला कण) अजून सापडलेला नाही, म्हणून माझा कल इकडे.

प्रश्नकर्ती: म्हणजे फ्रीझ-आउट म्हणजे पंगतीतले लाडू! वाढपी लवकर दमले की परातीत जास्त उरतात. कळलं. आता अ‍ॅक्सिऑन (डार्क मॅटरचा आणखी एक संभाव्य कण) कोण सांगतंय?