मदत हवी आहे: उबुंटू २२.०४ वर लिबपीक्यू-डेव्ह बसत नाही, पोस्टग्रेस १६ ला धक्का लावायचा नाही

नमस्कार मंडळी,

दिंडोरी रोडवरच्या एका द्राक्ष पॅकहाऊसचा सर्व्हर मी सांभाळतो. बागायतदारांची नोंदणी, प्लॉटवार क्रेटची वजनं, शेवटी निघणारी हिशेबाची पट्टी, सगळं पोस्टग्रेस १६ या डेटाबेसमध्ये आहे. उबुंटू २०.०४ सोबत पोस्टग्रेस १२ च मिळायचं, म्हणून १६ पीजीडीजीच्या, म्हणजे पोस्टग्रेस प्रकल्पाच्याच, रिपॉझिटरीतून (पॅकेजच्या साठ्यातून) घेतलं होतं.

२०.०४ चा नेहमीचा सपोर्ट मे २०२५ मध्ये संपला, त्यामुळे तोडणीच्या आत २२.०४ वर आलो. डेटाबेस चालू आहे. अडलंय ते पट्टी काढणाऱ्या पायथन प्रोग्रामपाशी. पायथन ३.८ चं ३.१० झालं, पायथनला पोस्टग्रेसशी जोडणारं सायकोपीजी२ नव्याने कंपाइल करावं लागतंय आणि त्याला लिबपीक्यू-डेव्ह हवं, म्हणजे लिबपीक्यू या पोस्टग्रेसच्या क्लायंट लायब्ररीच्या कंपाइलसाठी लागणाऱ्या फाइली. ते टाकायला गेलं की अ‍ॅप्ट (उबुंटूचं पॅकेज बसवणारं साधन) अडवतं: लिबपीक्यू५ या मूळ लायब्ररीच्या पॅकेजची १४ आवृत्ती हवी, बसलेली आहे १६. अ‍ॅप्ट-कॅशे पॉलिसीत बघितलं, तर बसलेल्या आवृत्तीच्या शेवटी 'पीजीडीजी२०.०४+१' आहे आणि तिच्यापुढे कुठल्याच रिपॉझिटरीचं नाव नाही, फक्त डीपीकेजीची स्टेटस फाइल (बसलेल्या पॅकेजांची स्थानिक नोंद).

लिबपीक्यू५ १४ वर उतरवायला गेलं की काढायच्या यादीत पोस्टग्रेसचा क्लायंट येतो. तिथेच हात आवरला. आधीच कंपाइल केलेलं सायकोपीजी२-बायनरी नको आहे. त्यात लिबपीक्यूची वेगळी प्रत असते, अ‍ॅप्टचे सुरक्षा अपडेट तिच्यापर्यंत पोचत नाहीत.

आणखी एक. पीएसक्यूएल (पोस्टग्रेसचा कमांड-लाइन क्लायंट) उघडताच कोलेशनची, म्हणजे अक्षरं क्रमाने लावण्याच्या नियमांची, आवृत्ती जुळत नसल्याचा इशारा येतो: आधीची २.३१, आताची २.३५. बागायतदारांची नावं देवनागरीत आहेत, त्यांच्यावर इंडेक्स आहे. शोधताना एखाद्याचं नाव सापडलंच नाही तर त्याची पट्टी अडकेल, याची खरी धास्ती आहे.

प्रतिसाद:

लिबपीक्यू५ उतरवू नका, लिबपीक्यू-डेव्ह वर न्या. आवृत्ती बदलताना उबुंटू बाहेरच्या रिपॉझिटरी बंद करतो, म्हणून तुमचं पॅकेज पोरकं झालंय. पीजीडीजीची ओळ 'जॅमी-पीजीडीजी' नावाने (जॅमी म्हणजे २२.०४) पुन्हा घाला. २२.०४ साठी बांधलेली पॅकेजं २०.०४ वाल्यांच्या पुढची धरली जातात, त्यामुळे अपडेट आपसूक दिसेल. आधी डेटाबेसचा डंप (बॅकअप) घ्या. मग सर्व्हर, क्लायंट, लिबपीक्यू५ आणि लिबपीक्यू-डेव्ह एकाच आज्ञेत बसवा, पण पहिल्यांदा '-एस' लावून, म्हणजे काही न बदलता नुसती रंगीत तालीम होईल. काढायच्या यादीत पोस्टग्रेसचं काही दिसलं तर पुढे जाऊ नका. तोवर लिबएसएसएल१.१ (एन्क्रिप्शनची लायब्ररी) जुनं म्हणून हाताने उडवू नका, तुमचं सध्याचं पोस्टग्रेस त्याच्याच जिवावर चाललंय.

कोलेशनचा इशारा खरा आहे. ग्लिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) बदललं की अक्षरांचा क्रम बदलू शकतो. नवीन पॅकेजं बसल्यावर मजकुराच्या इंडेक्सवर रीइंडेक्स चालवा (ते इंडेक्स नव्याने बांधतं) आणि ते पूर्ण झाल्यावरच रिफ्रेश कोलेशन व्हर्जन, जे फक्त नोंदलेली आवृत्ती बदलतं. उलट क्रमाने केलंत तर इशारा जाईल, बिघडलेला इंडेक्स तसाच राहील.