शब्दचर्चा : क्रूसेडांवरील लेखनात ‘अब्रू’, ‘व्यभिचार’ आणि ‘बलात्कार’

प्रश्न : क्रूसेडांच्या, म्हणजे पश्चिम युरोपातील ख्रिस्त्यांच्या मध्ययुगीन धर्मयुद्धांच्या, काळातील लॅटिन, ग्रीक आणि अरबी वृत्तांतांवर मी मराठीत लिहीत आहे. स्त्रियांवर झालेल्या अत्याचारांसाठी ‘अब्रू लुटणे’, ‘बाटवणे’ हे रूढ शब्द वापरावेत की सरसकट ‘बलात्कार’ म्हणावे? लॅटिनमधील ‘राप्टुस’ला कोणता प्रतिशब्द योग्य ठरेल?

उत्तर : ‘राप्टुस’ला सगळीकडे एकच प्रतिशब्द देऊ नये, असे माझे मत आहे. हा शब्द ‘हिसकावणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून आला आहे. ११४०च्या सुमारास ग्राशियनने सिद्ध केलेल्या चर्चच्या धर्मनियमांच्या संग्रहात त्याची जी व्याख्या आहे, तीत मुलीला बापाच्या घरातून बळाने नेणे हा गाभा असून, ते बळ मुलीवर चालले काय किंवा तिच्या आईबापांवर चालले काय, गुन्हा तोच राहतो. आपला ‘बलात्कार’ही मुळात ‘बळजबरी’ एवढ्याच अर्थाचा. धर्मशास्त्रात धनकोने ऋणकोला डांबून, मारहाण करून केलेल्या वसुलीलाही तो लावलेला आढळतो. म्हणून विधिग्रंथांतील ‘राप्टुस’ला ‘बळाने पळवून नेणे’ म्हणावे आणि ‘बलात्कार’ हा शब्द जिथे लैंगिक बळजबरी स्पष्ट आहे तिथेच योजावा.

कॉन्स्टँटिनोपलचे उदाहरण पाहावे. एप्रिल १२०४मध्ये क्रूसेडरांनी ग्रीक ख्रिस्त्यांचे हे शहर लुटल्यावर ग्रीक इतिहासकार निकेतास खोनिआतेस कुटुंबकबिल्यासह बाहेर पडत असताना एका न्यायाधीशाच्या मुलीला एका सैनिकाने त्यांच्या डोळ्यांदेखत ओढून नेले. म्हातारा, आजारी बाप चिखलात पडून आक्रोश करू लागला; निकेतासने मागे धावत जाऊन इतर लॅटिन, म्हणजे पश्चिम युरोपीय, सैनिकांना गळ घातली आणि त्यांच्या दटावणीमुळे मुलगी परत मिळाली. इथे ‘पळवून नेली’ हेच अचूक आहे. ‘अब्रू वाचली’ असे लिहिले, तर वाक्याचा रोख मुलीकडून घराण्याकडे वळतो.

त्याच लुटीबद्दल पोप तिसऱ्या इनोसंटने आपल्याच सैन्याची कडक शब्दांत निर्भर्त्सना केली. मात्र त्याच्या पत्रातील शब्द व्यभिचार, जारकर्म, अगम्यगमन असे आहेत. ते पापाचे, म्हणजे करणाऱ्याच्या आत्म्याच्या हिशेबाचे शब्द आहेत. विवाहित स्त्रिया आणि जोगिणी यांच्यावर चाललेले बळ त्यांत बुडून जाते, आणि ‘व्यभिचार’ म्हटले की स्त्रीही वाटेकरी ठरते. अनुवादात पोपचा शब्द तसाच ठेवावा, पण स्वतःच्या विवेचनात तो उचलू नये.

पुरवणी प्रश्न : परंतु त्या काळी संमतीची कल्पनाच नव्हती, त्यामुळे ‘बलात्कार’ हा आजचा शब्द त्या काळावर लादल्यासारखा होईल, असा आक्षेप मी वाचला आहे.

उत्तर : हा आक्षेप टिकत नाही. क्रूसेडरांनी स्थापलेल्या जेरुसलेमच्या राज्यातील नाब्लुसच्या ११२०च्या सभेने केलेल्या नियमांत संमती आणि बळ यांत स्पष्ट फरक केला आहे. मुसलमान स्त्रीशी तिच्या संमतीने संबंध ठेवणाऱ्या ख्रिस्ती पुरुषाला खच्ची करावे आणि तिचे नाक कापावे. स्वतःच्या मुसलमान दासीवर बळजबरी करणाऱ्यालाही खच्ची करावे, दासी मात्र सरकारजमा करावी. बळ ओळखले गेले होते, पण जिच्यावर ते झाले ती मालमत्ता म्हणून एका मालकाकडून दुसऱ्याकडे गेली. या ‘दासी’साठी पेशवाईच्या कागदांतील ‘कुणबीण’ किंवा ‘बटीक’ हे शब्द मला अधिक खरे वाटतात, कारण ‘दासी’ला पुराणकथांनी फार मऊ केले आहे. ११८७मध्ये जेरुसलेम सुलतान सलाहुद्दीनच्या हाती पडल्यावर ज्यांची खंडणी भरली गेली नाही अशा स्त्रियांच्या गुलामीचे वर्णन सलाहुद्दीनचा चिटणीस इमादुद्दीन यमकांच्या आतषबाजीत, चवीने करतो. तो आनंद अनुवादात झाकू नये, आणि आपल्या शैलीने त्यात भरही घालू नये.

सर्वांत अवघड वाक्य पहिल्या क्रूसेडचा वृत्तांतकार शार्त्रचा फुल्शे याचे आहे. जून १०९८मध्ये अँटिओकबाहेर मोसुलचा मुसलमान सेनापती कर्बोगा याचा पराभव झाला, तेव्हा शत्रूच्या तंबूंत सापडलेल्या स्त्रियांच्या पोटांत भाले खुपसण्याखेरीज फ्रँकांनी, म्हणजे क्रूसेडरांनी, त्यांचे काही वाईट केले नाही, असे तो लिहितो. फुल्शे त्या वेळी दूर एडेसा शहरात होता, म्हणजे हे ऐकीव आहे. पण शुद्ध राहिलेल्या सैन्याची प्रशंसा म्हणून त्याला ते नोंदवावेसे वाटले. त्याने न उच्चारलेल्या गोष्टीसाठी ‘अतिप्रसंग’ हा वर्तमानपत्री शब्द घालण्याचा मोह होईल, तो टाळावा. ‘वाईट’ हाच शब्द ठेवावा, आणि भाले त्या वाईटात धरलेले नाहीत हे खाली टीप देऊन सांगावे.