‘जाहीर केलं’ कधी म्हणायचं? कागद लावल्यावर की लोकांच्या कानावर गेल्यावर?

गिरणाकाठ, चाळीसगाव तालुका
ऐन कापूस वेचणीत गावात ग्रामसभा ठेवली. गणपूर्ती झाली नाही, सभा तहकूब. विचारलं तर उत्तर आलं, “आम्ही तर जाहीर केली होती.” जाहीर म्हणजे काय, तर पंचायतीच्या फळ्यावर एक कागद आणि त्याच कागदाचा फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर. तो फोटो मी मोठा करून पाहिला. गोल शिक्का नेमका तारखेवर बसलेला, खाली विषयपत्रिकेची शेवटची ओळ कापली गेलेली, आणि वर-खाली वाढदिवसाच्या शुभेच्छांचे पंचवीसेक बॅनर.

माझं म्हणणं सरळ आहे. याला ‘सूचना काढली’ म्हणा, ‘सूचना लावली’ म्हणा. ‘जाहीर केली’ म्हणू नका. जाहीर म्हणजे उघड, चारचौघांत आलेलं. ज्यांना त्या गोष्टीशी घेणंदेणं आहे, त्यांच्यापर्यंत ती गेली नसेल तर जाहीर झालं काय? पूर्वी डफडं वाजायचं, “आयका हो आयका, सकायले दहा वाजता चावडीवर ग्रामसभा शे हो!” कापूस वेचून दमून आलेली बाईसुद्धा ओट्यावरून ऐकायची. ते जाहीर करणं होतं.

निवृत्त अव्वल कारकून, धुळे
भावना समजतो, पण अर्थ तुम्ही फार ताणता. ३१ ऑक्टोबर २०२३ ला शासनाने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. तुमचा चाळीसगाव त्यात होता, आमच्या जिल्ह्यातला शिंदखेडा होता, नंदुरबार होता. निर्णय निघाला आणि जमीन महसुलात सूट, कृषिपंपाच्या वीजबिलात ३३.५ टक्के सवलत, कर्जाचं पुनर्गठन, विद्यार्थ्यांना परीक्षा शुल्कात माफी हे सगळं लागू झालं. एखाद्या शेतकऱ्याला आठ दिवस हे कळलंच नाही, म्हणून त्याच्यापुरता दुष्काळ जाहीर झाला नाही असं म्हणणार का? ज्याला अधिकार आहे त्याने रीतसर सांगितलं की जाहीर झालं. ऐकणाऱ्यावर क्रियापद टांगून ठेवलं तर एकही आदेश कधी पुरा होणार नाही.

गिरणाकाठ, चाळीसगाव तालुका
दादा, दुष्काळात सरकारने स्वतःवर जबाबदारी घेतली. माणूस झोपला असला तरी सवलत त्याच्या बिलात उतरते. ग्रामसभेत माणसानेच यायचं असतं. तो आला नाही तर त्याचं म्हणणंच गेलं. दोन्हीकडे शब्द एक असला तरी काम एक नाही.

आणि कायद्यालाही नुसता कागद पुरत नव्हता. दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ ची, तिचा आदेश २१, नियम ५४ पाहा. स्थावर मालमत्तेवर जप्ती आली तर तो हुकूम त्या जागेवर किंवा तिच्या लगत ढोल वाजवून किंवा दुसऱ्या रूढ पद्धतीने पुकारायचा, आणि शिवाय प्रत डकवायची. आवाजही हवा, कागदही हवा. एकाचं घर जप्त करताना एवढी काळजी, आणि अख्ख्या गावाला बोलावताना एक पुसट फोटो?

वकिली, अमळनेर
‘किंवा दुसऱ्या रूढ पद्धतीने’ हे शब्द तुम्हीच लिहिलेत. आज रूढ काय आहे? मोबाईल. मग ग्रुपवरची सूचनाही त्यात का बसू नये?

गिरणाकाठ, चाळीसगाव तालुका
ग्रुपवर किती घरं आहेत ते आधी मोजा. आमच्याकडे बहुतेक घरांत मोबाईल मुलाच्या खिशात असतो, आणि मुलगा पुण्याला नाहीतर सुरतेला.

भीमराव नव्हे, नुसता वाचक, पारोळा
दवंडीचं कौतुक चाललंय म्हणून लिहितो. ते डफडं कोण घेऊन फिरायचं? बलुत्याच्या जोरावर ज्याच्या माथी ते काम मारलं होतं तो. उन्हातान्हात गावभर ओरडून सांगायचा तो, आणि चावडीच्या पायरीवर बसायची मुभा त्यालाच नाही. डॉ. आंबेडकरांनी महार वतनाविरुद्ध विधेयक मांडलं १९२८ मध्ये, आणि महार वतनासारखी कनिष्ठ वतनं गेली १९५८ च्या कायद्याने. माझ्या आजाने ते डफडं विहिरीत टाकलं होतं, घरात अजून अभिमानाने सांगतात. गावाला आवाज द्यायचा तर लाऊडस्पीकरवरून सरपंचाने स्वतः द्यावा. ‘दवंडी’ हा शब्द तोंडात गोड लागतो तो ऐकणाऱ्यांच्या.

गिरणाकाठ, चाळीसगाव तालुका
हे पूर्ण मान्य. मला आवाज हवाय, कुणाच्या माथी मारलेलं काम नकोय. सरपंचानेच बोलावं, त्याहून चांगलं काही नाही.

केळीवाला, रावेर
तुम्ही दोघेही अर्ध्यावर थांबताय. आमच्याकडे केळीचा भाव रोज जाहीर होतो. फोनवर येतो, पेपरात येतो, चहाच्या टपरीवर पोरंसोरंही सांगतात. कानावर जायचं म्हणाल तर शंभर टक्के जातो. आणि घड कापायच्या दिवशी व्यापारी बांधावर उभा राहून त्याच्या दीड-दोनशे खाली मागतो. माल पिकून चाललाय, देऊ नको तर काय करू? मग त्या भावाला जाहीर भाव कशाला म्हणायचं? माझ्या मते ज्याने सांगितलं त्याने त्याच्या मागे उभं राहिलं तरच जाहीर. नाहीतर ती बातमी.

निवृत्त अव्वल कारकून, धुळे
ही अंमलबजावणीची तक्रार झाली. शब्दाच्या अर्थात ती घालू नका.

सातपुड्यातली शिक्षिका, धडगाव
तुमचा वाद सपाटीवरचा आहे. इकडे गाव म्हणजे डोंगरावर विखुरलेले पाडे. लाऊडस्पीकर एका पाड्याला ऐकू गेला तर पलीकडच्या धारेवर जात नाही. आणि सूचना असते ती छापील मराठीत. घरात बोलतात पावरी, भिलोरी. सरदार सरोवरात आमच्या अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतली ३३ गावं बुडिताखाली आली. त्या काळच्या १८९४ च्या भूसंपादन कायद्यात अधिसूचना राजपत्रात छापायची, तिचा सारांश गावात सोयीच्या ठिकाणी जाहीर करायचा, आणि १९८४ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्तमानपत्रांतही द्यायची, असं होतं. त्या पाड्यांवर वर्तमानपत्र कोण वाचणार होतं? कारकूनदादांच्या अर्थाने एवढं छापलं की जाहीर झालं.

माझ्या वर्गातल्या मुलांना मी ग्रामसभेची सूचना पावरीत सांगायला लावते. संध्याकाळी ती घरी जाऊन सांगतात. दुसऱ्या दिवशी आई-बाप विचारत येतात, “वनहक्काच्या दाव्याचं कोणतं पान आणायचं?” असं कुणी विचारत आलं की माझ्या लेखी सभा जाहीर झाली.

निवृत्त अव्वल कारकून, धुळे
ताई, तुमच्या कामाला नमस्कार. पण उद्या एखाद्याने कोर्टात म्हटलं की मला पावरीत कुणी सांगितलं नाही, सबब ठराव रद्द करा, तर तुमच्याच वनहक्काचे ठराव आधी पडतील. म्हणून मी रीतसरपणाला चिकटतो.

सातपुड्यातली शिक्षिका, धडगाव
मग रीतीतच लिहून घ्या की पाड्याच्या बोलीत सांगायचं. कारकुनांनी मनावर घेतलं तर तेही रीतसर होईल.