लांब पल्ल्यासाठी पहिली रोड बाईक: वरच्या दर्जाचे गिअर की ऐसपैस फ्रेम?

संथगती
हायब्रिडवर (सरळ हँडलची सायकल) ७०-८० किमी होतात. पुढचं लक्ष्य २०० किमीची ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड), म्हणजे साडेतेरा तासांची मुदत. एकाच बजेटात दोन सायकली बसतात.

अ: शिमानो १०५ (वरच्या दर्जाचा गिअरसंच), ५२/३६ क्रँक (पुढच्या दोन चक्रांचे दात), ११-२८ कॅसेट (मागच्या सर्वांत लहान आणि मोठ्या चक्राचे दात), रिम ब्रेक (चाकाच्या कडेवर दाबणारे), टायर जास्तीत जास्त २५ मिमी. स्टॅक (क्रँकच्या मध्यापासून फ्रेमच्या पुढच्या नळीच्या माथ्याची उंची) ५२० मिमी, रीच (त्याच दोन जागांमधलं आडवं अंतर) ३८० मिमी.
ब: सोरा (शिमानोचाच खालच्या दर्जाचा गिअरसंच) ९ स्पीड, ५०/३४, ११-३२, केबलवाले डिस्क ब्रेक, ३२ मिमी टायर बसतो. स्टॅक ५५५, रीच ३७०. वजन सव्वा किलो जास्त.

उंची १६८ सेंमी, पायाची आतली लांबी ७६. सगळे म्हणतात १०५ सोडू नका. काय करावं?

आरेवाला
ब घ्या. गिअर, चाकं, सीट पुढे बदलता येतात. फ्रेमची मापं आणि टायरची जागा कायमची.

स्टॅकला रीचने भागा. अ चं उत्तर १.३७, ब चं १.५. अ वर हँडल ३५ मिमी खाली आणि १० मिमी पुढे जातं. दोन तास काही वाटत नाही; सहाव्या तासाला मान आखडते, करंगळी बधिर होते. स्पेसर (हँडलखालच्या कड्या) टाकून हँडल उचलू म्हणाल, तर स्टीअरर (हँडल ज्यावर बसतं ती नळी) बहुधा आधीच कापलेला असतो, आणि तो कार्बनचा असेल तर कंपनीने दिलेल्या मर्यादेपलीकडे स्पेसर लावायचे नसतात.

आता चढ. अ चा सर्वांत हलका गिअर ३६/२८ (पुढे ३६ दात, मागे २८), पॅडलच्या एका फेरीत सुमारे २.७ मीटर. ब चा ३४/३२, सुमारे २.२ मीटर. ताशी ७ किमीने चढताना अ वर मिनिटाला ४३ फेऱ्या पडतात, ब वर ५२. ४३ म्हणजे प्रत्येक फेरीला गुडघ्यावर जोर. सव्वा किलोचा फरक तासभराच्या चढात मिनिटभराचा, तेवढं तर पाणी प्यायला थांबण्यात जातं.

ब्रेकपॅड
निवड पटली, पण केबल डिस्कबद्दल कोणी बोलत नाही म्हणून लिहितो. यातल्या बऱ्याच कॅलिपरमध्ये (पॅड दाबणारा भाग) एकच पॅड हलतो, आतला स्थिर असतो. पॅड झिजले की लोक नुसती केबल ताणतात. त्याने कॅलिपरचा दांडा आधीच अर्धा फिरलेल्या जागेवरून सुरू होतो आणि पकड सैल पडते. शिवाय झिजलेल्या आतल्या पॅडपर्यंत पोचायला रोटर (ब्रेकची चकती) जास्त वाकतो. आधी आतला पॅड त्याच्या स्क्रूने रोटरच्या अगदी जवळ आणा, घासू देऊ नका, मग बाहेरचा. केबल शेवटी.

रिम ब्रेक वाईट नाहीत हं! हलके, दुरुस्तीला सोपे. पण वाटेत एखादा स्पोक तुटून चाकात आऊट आला (चाक डुगडुगू लागलं) की रिम ब्रेकला घासते. डिस्कवर तसंच घरी पोचता येतं.

संथगती
मग ब. दुकानात काय तपासू? सीट कडक वाटते, जेलची टाकू का?

आरेवाला
जेल नको. मऊ सीटमध्ये हाडं रुततात आणि दाब मधल्या नाजूक भागावर येतो. बैठकीच्या हाडांना पुरेल इतकी रुंद सीट हवी, गादी बेताची.

सीटची उंची: ७६ × ०.८८३, म्हणजे ६७ सेंमी, क्रँकच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत. ही फक्त सुरुवात. गुडघा पुढून दुखला तर बहुधा सीट खाली आहे, मागून दुखला तर वर. दोन-तीन मिमीनेच हलवा. हँडल लांब वाटलं म्हणून सीट पुढे सरकवू नका, हातांवर भार वाढतो. त्यासाठी १० मिमी आखूड स्टेम (हँडल धरणारा पुढचा तुकडा) घ्या.

ब्रेकपॅड
मडगार्डची भोकं आहेत का बघा, आणि मडगार्ड लावल्यावर किती रुंद टायर बसतो तेही विचारा. ३२ चे बहुतेक वेळा २८ होतात. २८ वर ७० किलोच्या माणसाला मागे ७० पीएसआय हवेच्या आसपास, पुढे ५ कमी. कॅसेट पुढे ११-३४ करायची असेल तर मागच्या डिरेलरची (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) कमाल दातांची मर्यादा आधी पाहा, आणि चेनही लांब लागू शकते.

डिरेलरचा हँगर (तो फ्रेमला जोडणारी पट्टी) सायकलीसोबतच एक जादा घ्या. प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो. सायकल उजव्या अंगावर पडली की तोच आधी वाकतो.